ध्वनिग्राहकाचे कवच

प्रास्ताविक

आकाशवाणीवरील भावगीत ऐकताना आपले लक्ष गायकाच्या आवाजाकडे असते. तो आवाज प्रथम ज्या यंत्राने टिपला, त्याचा विचार सहसा मनात येत नाही. व्यवहारात आपण त्याला ‘माइक’ म्हणतो. शास्त्रीय लेखनात ‘ध्वनिग्राहक’ असा शब्द वापरतात. प्रस्तुत पाठात ध्वनिग्राहकाच्या धातूच्या बाह्य आवरणाचा, म्हणजे कवचाचा परिचय करून दिला आहे. असे कवच कारागिराकडून घडवून घेताना भाषा किती काटेकोर असावी लागते, हेही येथे पाहावयाचे आहे. हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला कवचाची कार्ये सांगता येतील आणि कारागिराला द्यावयाच्या सूचना निःसंदिग्ध शब्दांत लिहिता येतील.

जुन्या घडणीची ओढ

इ. स. १९१६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ ई. सी. वेंटे यांनी संधारित्र ध्वनिग्राहक तयार केला. त्यालाच आज ‘कंडेन्सर माइक’ म्हणतात. १९२८ मध्ये बर्लिन येथे गेऑर्ग नॉयमान यांनी आपली कंपनी स्थापन केली. तिच्या पहिल्या ध्वनिग्राहकाचा आकार असा होता की लोक त्याला ‘बाटली’ म्हणू लागले. त्याच कंपनीचा ‘यू ४७’ १९४९ मध्ये आला. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा ‘सी १२’ १९५३ मध्ये आला. या दोहोंत ट्रान्झिस्टर नव्हे, तर काचेची किंवा पोलादी आवरणाची निर्वात नळी, म्हणजे व्हॉल्व्ह होता. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात या नगांचे मोल कमी झालेले नाही. उलट, ‘यू ४७’ मधील मूळ व्हॉल्व्हचे उत्पादन कधीच थांबल्यामुळे ते अधिकच दुर्मिळ झाले आहेत.

ज्यांना असे यंत्र विकत घेणे परवडत नाही, असे हौशी तंत्रज्ञ ते स्वतः जुळवतात. व्हॉल्व्ह, रोधक, रोहित्र, आवाज टिपणारी कॅप्सूल हे सुटे भाग टपालाने मागवता येतात. मनाजोग्या मापाचे कवच मात्र तयार मिळणे कठीण. ते घडवूनच घ्यावे लागते.

यंत्र परदेशी असले तरी ते आपल्या हातांनी घडवण्याची परंपरा मराठी माणसाला अपरिचित नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा गावातच घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला.

रांझी

जबलपूरच्या पूर्वेकडील रांझी हे उपनगर प्रामुख्याने कामगारांचे. जबलपूरमध्ये १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे खमरिया येथील दारूगोळ्याचा कारखाना, लष्करी वाहनांचा कारखाना आणि ओतशाळा यांची भर पडली. रांझीला लागूनच रिछाई हे औद्योगिक क्षेत्र आहे. लेथ, मिलिंग, ओतकाम, मुलामा हे शब्द अशा वस्तीत घराघरांत ठाऊक असतात.

मराठी भाषकांनाही हे शहर परके नाही. १७८१ नंतर येथे सागरच्या मराठ्यांचा आणि नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, हे पुष्कळांच्या आता ध्यानातही नसते.

समजा, रांझीतील एका हौशी ध्वनिमुद्रकाने ‘यू ४७’ च्या धर्तीवर ध्वनिग्राहकाचे विद्युतमंडल जुळवले आहे. लेथ चालवणारा निष्णात मिस्त्री त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परंतु त्या मिस्त्रीने आजवर बुश, शाफ्ट आणि पुली घडवल्या. ध्वनिग्राहक कधी उघडून पाहिलेला नाही. ग्राहकाला ध्वनीचे ज्ञान आहे, पण धातू कसा वागतो ते ठाऊक नाही. या दोघांमध्ये काय देवाणघेवाण व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

कवच कशासाठी?

कवच केवळ शोभेसाठी असते, असा सर्वसामान्य समज आहे. तो बरोबर नाही. कॅप्सूलमधील सोन्याचा सूक्ष्म थर दिलेला पडदा अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. पडद्याच्या कंपनातून निर्माण होणारा विद्युत-संकेत इतका क्षीण असतो की, भोवतालच्या २३० व्होल्टच्या घरगुती तारांतील ५० हर्ट्‌झचा गुंजारव त्यात सहज मिसळतो. हा गुंजारव रोखण्यासाठी संपूर्ण मंडल धातूच्या अखंड आवरणात ठेवावे लागते आणि ते आवरण मंडलाच्या शून्य पातळीशी, म्हणजे अर्थशी, जोडावे लागते.

येथे ‘अखंड’ हा शब्द विद्युतदृष्ट्या घ्यावयाचा आहे. नळी, तळाचे झाकण, वरची जाळी आणि तिची कडी हे सर्व भाग एकमेकांना धातूने धातू स्पर्शून बसले पाहिजेत. सुंदर काळा रंग दिलेले कवच जुळवल्यावर ध्वनिक्षेपकातून ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो आणि दोष मंडलात शोधला जातो. प्रत्यक्षात रंग आट्यांमध्ये शिरून दोन भागांमधला संपर्क तुटलेला असतो. ॲल्युमिनिअमला ॲनोडायझिंग केले तरी हेच घडते, कारण तो थर विद्युतरोधक असतो. म्हणून सांध्याची जागा रंगविरहित ठेवण्यास आधीच सांगावे लागते.

दुसरे कारण जिवाशी संबंधित आहे. व्हॉल्व्हच्या ध्वनिग्राहकात शंभर व्होल्टहून अधिक दाबाचा प्रवाह खेळत असतो आणि गायकाचे ओठ जाळीपासून चार बोटांवर असतात. आतील एखादी तार सुटून कवचाला टेकली, तर अर्थशी नीट जोडलेले कवचच गायकाचे रक्षण करते. विद्युतपुरवठ्याच्या पेटीतील संधारित्रे बटन बंद केल्यावरही काही काळ भारित राहतात. ती पेटी उघडण्याचे काम जाणकारानेच करावे.

तिसरे कार्य ध्वनीचे. जाळीचा आकार आणि विणीची घनता यांवर आवाजाचा पोत काही प्रमाणात अवलंबून असतो. जाळीच्या समोरासमोरच्या सपाट भिंतींवरून ध्वनी परावर्तित होऊन पुन्हा पडद्यावर येतो. फार दाट जाळीने उच्च स्वर मंदावतात. म्हणून बाहेर विरळ व मजबूत आणि आत बारीक, अशी दुहेरी जाळी बसवण्याची रीत आहे.

पितळ की ॲल्युमिनिअम?

६३ मिलिमीटर बाह्य व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची आणि १६० मिलिमीटर लांबीची नळी घ्या. तिच्या धातूचे घनफळ सुमारे ६१ घन सेंटिमीटर भरते. पितळेची घनता साधारण ८.५ धरली, तर वजन सुमारे ५२० ग्रॅम होते. ॲल्युमिनिअमची घनता २.७ असल्याने तीच नळी १६५ ग्रॅमची होते. हलक्या स्टँडसाठी हा फरक मोठा आहे. मात्र पितळेला सहज डाग देता येतो, त्यावर निकेलचा मुलामा चांगला बसतो आणि अर्थची तार थेट झाळता येते. ॲल्युमिनिअमवर साध्या डागाने तार जोडता येत नाही. स्क्रूचाच आधार घ्यावा लागतो. पहिलाच नग करणाऱ्याने पितळ घेणे अधिक शहाणपणाचे.

सूचनापत्र

आता भाषेकडे वळू. पुढील सूचना वाचा :

“जुन्या पद्धतीचा माइक आहे. त्याला पितळेची अडीच इंच जाड नळी करून द्या. झाकण घट्ट बसले पाहिजे. फिनिशिंग चांगले हवे.”

लिहिणाऱ्याच्या मनात सर्व काही स्पष्ट आहे. मिस्त्रीच्या हाती मात्र काहीच पडत नाही. ‘अडीच इंच जाड’ म्हणजे नळीचा व्यास की धातूची जाडी? बोलीत आपण जाड खांब म्हणतो आणि जाड पत्राही म्हणतो. पहिल्या ठिकाणी घेर अभिप्रेत असतो, दुसऱ्या ठिकाणी जाडी. व्यास बाहेरचा की आतला, हेही सांगितलेले नाही. ‘घट्ट’ म्हणजे हाताने निघेल असे की हातोडीने ठोकावे लागेल असे? आणि ‘चांगले’ हे विशेषण तर प्रत्येकाचे वेगळे असते.

तीच सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

“पितळी नळी, नग १. बाह्य व्यास ६३.० मिमी, आतील व्यास ५९.० ते ५९.१ मिमी, लांबी १६० मिमी. तळाचे झाकण हाताने सरकून बसावे. झाकणाच्या खांद्याचा व्यास ५८.९० ते ५८.९५ मिमी. ही सर्व मापे मुलामा देण्यापूर्वीची आहेत. सर्व कडांची धार मोडावी. नळीच्या आतील बाजूस व सांध्यांवर रंग लावू नये. सोबत आकृती जोडली आहे; शंका आल्यास धातू कापण्यापूर्वी विचारावे.”

या मजकुरात एकही अलंकारिक शब्द नाही, तरीही तो उत्तम गद्याचा नमुना आहे. ‘५९.० ते ५९.१’ या रचनेकडे विशेष लक्ष द्या. कोणतेही माप शंभर टक्के अचूक येत नाही. म्हणून चूक किती चालेल, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवून द्यावयाचे असते. कारागिरीत तिला ‘सूट’ म्हणतात. सर्वच मापांना अतिशय कमी सूट मागणे हेही अज्ञानाचेच लक्षण. लांबी अर्ध्या मिलिमीटरने कमी-अधिक झाली तर काहीही बिघडत नाही, पण तेथेही काटेकोरपणा मागितला तर मजुरी विनाकारण वाढते.

मापाच्या एककाबाबतही सावध असावे. वर्कशॉपमध्ये ‘सूत’ हे माप आजही बोलण्यात येते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.१८ मिलिमीटर. स्क्रूच्या वळ्यांना मराठीत ‘आटे’ म्हणतात, रांझीचा हिंदी भाषक मिस्त्री त्यांनाच ‘चूडी’ म्हणेल. आटे इंची की मेट्रिक, हे लिहिल्यावाचून राहू नये. अनेक जुन्या लेथची रचना इंची असते.

मिस्त्रीचे शहाणपण

सूचनापत्र ही एकतर्फी आज्ञा नव्हे. मिस्त्री ते वाचून जे प्रश्न विचारतो, त्यांतच त्याची विद्या असते. दोन मिलिमीटर जाडीची नळी लेथच्या तीन जबड्यांत आवळली की ती किंचित त्रिकोणी होते. त्या स्थितीत ती गोल कातली, तरी जबडे सैल करताच आकार बिघडतो. अनुभवी टर्नर नळीच्या आत लाकडाचा किंवा ॲल्युमिनिअमचा ठोकळा घालूनच तिला पकडतो. ही गोष्ट ग्राहकाच्या आकृतीत कोठेही नसते.

मुलाम्याचेही तसेच. निकेलचा थर काही मायक्रॉनचाच असतो, परंतु पावडर कोटिंगचा थर साठ ते शंभर मायक्रॉन होऊ शकतो. झाकण व नळी या दोहोंवर तो चढला की आधी सहज सरकणारे झाकण अडकून बसते. जुन्या ध्वनिग्राहकांसारखी मंद, दुधाळ झळाळी हवी असेल तर मुलाम्यापूर्वी काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. आरशासारखे पॉलिश करून मग मंद झळाळी मागणे म्हणजे मिस्त्रीची दिवसभराची मेहनत पुसून टाकणे होय.

जाळी घुमटाकार करणे हे सर्वांत किचकट काम. पितळी जाळी तापवून मऊ करतात, लाकडी साच्यावर दाबून आकार देतात आणि मग कडीला डाग देतात. पत्रा ठोकून भांडे घडवण्याची विद्या पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. तापवणे, ठोकणे आणि पुन्हा तापवणे हा क्रम त्यांचा नेहमीचाच.

नावाचा बिल्ला

कवच तयार झाल्यावर एक मोह होतो. मूळ कंपनीचा छोटासा बिल्ला समोर लावला की यंत्र हुबेहूब दिसेल, असे वाटते. घडण जुन्यासारखी असणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याचे नाव धारण करणे ही दुसरी. नॉयमान ही कंपनी आजही कार्यरत आहे. तिच्या नावाने बनावट नग विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार अपराध ठरतो. घरी वापरण्यासाठी केलेला नग पुढे कोणाच्या हाती जाईल, हेही सांगता येत नाही. म्हणून बिल्ल्याच्या जागी घडवणाऱ्याने स्वतःचे नाव, गाव आणि वर्ष कोरावे. नळी कातणाऱ्या मिस्त्रीची आद्याक्षरेही तेथे यावयास हवीत. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर ती कधी आढळत नाहीत.

शब्दार्थ

रोहित्र – विद्युतदाब बदलणारे साधन, ट्रान्सफॉर्मर
गुंजारव – सतत येणारा मंद घुमणारा आवाज
डाग देणे – वितळलेल्या धातूने सांधा जोडणे
मुलामा – एका धातूवर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर
निःसंदिग्ध – ज्याचा एकच अर्थ होतो असे

स्वाध्याय

१. रंग दिलेल्या कवचामुळे गुंजारव का ऐकू येतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. ‘जाड’, ‘घट्ट’ आणि ‘चांगले’ या शब्दांमुळे पहिल्या सूचनेत कोणकोणती संदिग्धता निर्माण झाली?
३. ६३ मिमी बाह्य व्यासाच्या नळीची जाडी २ मिमीऐवजी ३ मिमी केली, तर आतील व्यास किती होईल?
४. तुमच्या परिसरातील सुतार, शिंपी किंवा लोहार यांच्याकडून एखादी वस्तू करून घ्यावयाची आहे. आठ ते दहा ओळींचे सूचनापत्र लिहा. ते त्या कारागिराला वाचून दाखवा आणि त्याने विचारलेले प्रश्न खाली नोंदवा.