हुरड्याच्या दिवसांतले पथ्य

पौष लागून ज्वारीच्या कणसांत चीक भरू लागला की हर्सूलच्या माझ्या दवाखान्यात दरसाल तेच प्रश्न येतात : हुरडा चालेल का, बाजरी उष्ण पडेल का, तूप किती घ्यावे, आणि दिल्ली दरवाजातून शहरात शिरून नान-खलियाच्या दावतीला जावे की प्रकृतीची सबब सांगून टाळावे. या सर्वांना एकच ठोक उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण जड अन्नाचा गुणदोष त्या जिनसात जितका असतो, तितकाच तो कोणत्या ऋतूत, किती श्रमांनंतर आणि कोणत्या सोबत्यांसह ताटात येतो यावरही अवलंबून असतो.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय दिला आहे. हेमंतात जठराग्नी प्रबळ असल्यामुळे स्निग्ध व गुरू आहार पचतो आणि वर्षाकाळी तो मंदावतो, असे त्याचे प्रतिपादन. आजचे वैद्यक अग्नीची परिभाषा वापरत नाही. तथापि पावसाळ्यात दूषित पाण्यापायी जुलाबाचे रोगी वाढतात आणि त्या दिवसांत ताजे, गरम व बेताचे जेवण हितकर ठरते, याविषयी दोहोंत तंटा नाही.

भोगीचे ताट पाहा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघर शिजणाऱ्या लेकुरवाळ्या भाजीत ओला हरभरा, घेवडा, पावटा, गाजर, वांगी, बोरे आणि शेंगदाणे एकत्र नांदतात व वरून तिळाचा कूट पडतो; शेजारी बाजरीची भाकरी असते, जिचा उंडा गरम पाण्यात मळून परातीत थापताना घरची बाई त्यावर तीळ पसरते, ओल्या तळव्याने ते दाबून बसवते, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवते आणि अखेरीस विस्तवाला लावून ती टम्म फुगवते. बाजरीत लोह चांगले असते, परंतु धान्यातील फायटेट नावाचे द्रव्य त्यातील बरेचसे अडवून धरते; लिंबाची फोड पिळली तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. तिळात कॅल्शियम मुबलक, जरी त्याचा काही अंश सालीतील ऑक्झलेटमध्ये गुंतून राहतो. कडधान्य व तृणधान्य एकत्र आल्याने प्रथिनांतील उणीव परस्पर भरून निघते. इतका सगळा बंदोबस्त झाल्यावर हात धुताच कपभर चहा घेण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, तो मात्र लोहाच्या वाटेत आडवा येतो. चहाला तासभर थांबावे.

आणखी एक गोष्ट येथेच बोलून घेतो, मग कोणाला रुचो वा न रुचो. रक्त कमी म्हणून माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी अशाच उत्तम भाज्या रांधणाऱ्या असतात. परंतु पंक्ती उठल्यावर त्यांच्या वाट्याला तळाचा रस्सा आणि गार भाकरी उरते. गोळ्या मी लिहून देतोच, पण घरातील कर्त्या माणसाला बोलावून सूनबाईंचे ताट पहिल्या पंक्तीला वाढा, असेही बजावतो.

शहराची परंपरा निराळी आहे आणि तिचाही आदर राखला पाहिजे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलवली; त्याच्या लष्कराच्या मुदपाकखान्याशी नान-खलियाचा संबंध जोडण्याचा येथे प्रघात आहे. पुढे याच शहरात हर्सूलच्या नदीकडून भूमिगत नहराने आलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले गेले. खलिया हा मोठ्या देगेत, मोठ्या समुदायासाठी शिजणारा पदार्थ. दावतीचा हा जिन्नस घरी मागवून दर आठवड्याला रात्री उशिरा खाल्ला, तर त्यात बिचाऱ्या आचाऱ्याचा काय अपराध? ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढले आहे त्यांनी वरची तर्री पळीने बाजूला सारावी, दोन नानांऐवजी एक घ्यावा, कांदा-मुळा-लिंबू भरपूर घ्यावे आणि शक्यतो दुपारीच जेवावे.

रक्तदाबाच्या रोग्याने तेलतुपाइतकाच मिठाचा हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे लहान चमचाभरही नव्हे; ठेचा, पापड, लोणचे आणि खारे शेंगदाणे एकाच बैठकीत आले की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पालेभाज्या, शेंगदाणे व तीळ यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

राहता राहिला हुरडा. मधुमेह्याने तो जरूर खावा, परंतु भाकरीच्या ऐवजी, भाकरीखेरीज नव्हे; कोवळा असला तरी तो ज्वारीचा दाणाच आहे आणि त्यातील पिष्टाची साखर होतेच. सोबत लसणाची चटणी व दही असावे; गूळ, रेवड्या आणि उसाचा रस पाहुण्यांकडे सरकवावा. शेतावरच्या मंडळींना वेळेचे भान राहत नाही, गोवऱ्या ओल्या निघतात, आगटी धुमसत बसते आणि अकराचा हुरडा दीडला हातावर पडतो. तेव्हा इन्सुलिन अथवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी नेहमीची न्याहारी करूनच निघावे, खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि हातपाय थरथरून घाम सुटल्यास ती तत्काळ तोंडात टाकून बरोबरच्या माणसास सांगावे.