मोज्यांचे फोटो, परदेशी गिऱ्हाईक

प्रश्न : मोजे घातलेल्या पायांचे फोटो आणि व्हिडिओ ऑनलाइन विकून पैसे मिळतात म्हणे. चेहरा न दाखवता हे करता येईल का? कायद्यात बसते का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मागणी खरी आहे. अमेरिकेतले ‘फीटफाइंडर’ हे संकेतस्थळ याच व्यवहारावर उभे आहे. विक्रेता किमान १८ वर्षांचा हवा; ओळखपत्रही तपासले जाते.

साध्या मोज्यांच्या फोटोवर बंदी नाही. मजकूर अश्लील ठरला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चे कलम ६७ लागते : पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. गिऱ्हाईक ‘अजून थोडं’ म्हणत पुढे ढकलत नेते, तेव्हा हे कलम आठवावे.

चेहरा झाकला, तरी ओळख झाकली जात नाही. पायावरचा व्रण, खिडकीबाहेरची पाटी, फाइलमधली लोकेशनची नोंद पुरेशी असते. पलंगावरची सोलापुरी चादर तर भौगोलिक मानांकन मिळवलेली. गाव तीच सांगून टाकते. मागे कोरा पडदा बरा.

‘आधी फी भरा’ किंवा ‘चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा’ म्हणणारा बहुधा ठगच. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

कमाई प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली, की जीएसटी नोंदणीही आली.