शोभेआधी चौकशी

जुनी बरणी, मातीचा रांजण, निळ्या नक्षीच्या बश्या दिवाणखान्यात मांडल्या की घराला रूप येतं. हा शौक मला आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही. पण पालघरच्या किनारपट्टीवर राहून जे दिसलं त्यावरून एक नियम बांधला आहे: भांडं दिसतं कसं हे नंतर पाहायचं, आधी त्यात काय होतं ते विचारायचं.

आमच्याकडे चिंचणीच्या जुन्या घरातून एक मोठं मडकं आलं. सासूबाईंच्या सासूबाई त्यात खडेमीठ ठेवत. धुऊनपुसून ते बोईसरच्या घरी दाराशी ठेवलं. पावसाळाभर अंग ओलसर राहिलं, आणि थंडी पडली तशी त्यावर कापसासारखी पांढरी लव आली. मागोमाग पापुद्रे सुटू लागले. कुणी बुरशी म्हटलं, कुणी चुना. ते मीठच होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, खाली आली की त्याचे पुन्हा खडे बनतात. हे खडे मातीच्या छिद्रांत तयार होतात आणि आतून माती फोडतात. आपल्या समुद्रकाठच्या हवेत दरवर्षी हा फेरा होतो, म्हणून मिठाचं, लोणच्याचं, सुक्या मासळीचं भांडं इथे जास्त लवकर झडतं.

अशा वेळी सगळे वार्निश मारायला सांगतात. ते करू नका. मीठ आत कोंडतं आणि पापुद्रा आणखी जाडजूड निघतो. मडकं धड असेल तर ते स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावं आणि पाणी बदलत राहावं. आरओवाल्याकडे असतो तसला टीडीएस मीटर इथे कामाला येतो. भिजवलेल्या पाण्याचा आकडा ताज्या पाण्याच्या आकड्याजवळ येऊन थांबला, की मीठ बरंचसं निघालं असं समजावं. मग सावलीत सावकाश वाळवावं. भांडं रंगवलेलं, तडा गेलेलं किंवा चिकटवलेलं असेल तर मात्र पाण्यात घालू नये, सांधा सुटतो.

दुसरी गोष्ट खास आमच्या भागाची. तारापूर एमआयडीसीमुळे बोईसरला भंगाराचा धंदा मोठा आहे. तिथे कधी तपकिरी, जड, अरुंद तोंडाची बरणी दिसते. "ताई, घेऊन टाका, असा माल आता येत नाही," असं ऐकायला मिळतं. माल खरंच येत नाही, पण का ते लक्षात घ्या. प्लास्टिकचे कॅन सर्रास होण्याआधी अॅसिड आणि रसायनं अशा बरण्यांतूनही साठवत. आत काय मुरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उगम कळत नसेल तर ती बरणी कितीही देखणी असो, तिला घरात जागा नाही, पोरंबाळं असलेल्या घरात तर नाहीच.

शिशाचंही तसंच. जुन्या चकाकीत आणि रंगांत शिसं वापरलं जाई. लिंबू, कैरी, चिंच अशा आंबटात ते उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फार अपाय होतो. म्हणून शोभेला बसलेली बरणी पुन्हा लोणच्यासाठी उतरवायची नाही.

विकत घेताना बोटाने हलकी टिचकी मारा. धड चिनी माती खणखणते, तडकलेली भदभदते. अंधारात अतिनील टॉर्च फिरवला तर मागून फासलेला रंग बहुधा वेगळा चमकतो. तळाचा शिक्काही वाचा. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' असेल तर बशी बहुधा त्यानंतरची, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर सहसा विसाव्या शतकातली. मुंबईच्या चोरबाजारात जाण्याआधी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय किंवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांचा चिनी-जपानी संग्रह पाहून घ्या. नजर तयार झाली की खुर्जाची नवी बरणी जुनी म्हणून गळ्यात पडत नाही.

कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत आजीची बशी घालण्याआधी तिचं वय बघा. तारापूर, केळवे, शिरगावच्या किल्ल्यांतून खापरं उचलून आणू नका. शेजारच्या संजाणला २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा पश्चिम आशियातली आणि चिनी भांडी ज्या थरात सापडली त्यावरूनही तिथल्या व्यापाराचा काळ लावायला मदत झाली. थरातून काढलेलं खापर खिशात गेलं की काही सांगत नाही.

शेवटी मांडणी. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. तेव्हापासून आमच्याकडे फळ्या भिंतीला पक्क्या आहेत, कडेला पट्टी आहे, जड बरण्या जमिनीलगत आहेत आणि उंच बरणीच्या तळाशी वाळूची पिशवी आहे. भिंतीवरच्या बशीच्या तारेला रबरी नळी घातली की कडेचा टवका उडत नाही. धुताना ब्लीच आणि तारेची घासणी लांब ठेवा, बशीवरची सोनेरी रेघ एकदा गेली की परत येत नाही.

खरेदीच्या वेळी तीन प्रश्न विचारा: यात काय ठेवत होते, हे कुठून आलं, कुठे दुरुस्त केलंय का? सरळ उत्तर मिळालं नाही तर भाव कितीही कमी असो, घेऊ नका.