साहस, धीर आणि जोखीम

सुरतेतील आपल्या मराठी घरांतून मराठी, गुजराती व हिंदी अशा तिन्ही भाषा नांदतात. त्यामुळे एकच शब्द मुलांच्या कानी निरनिराळ्या अर्थांनी पडतो. अशा काही शब्दांचा विचार आम्ही येथे करीत आहो.

‘साहस’ आज गौरवाचा शब्द आहे. परंतु ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि बळाच्या जोरावर केलेली दांडगाई ते साहस. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरीप्रमाणे साहस हाही खटल्याचा विषय आहे; दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव : प्रथम साहस २५० पण, मध्यम ५००, उत्तम १०००. गुजरातीत मात्र नवा धंदा उभारणाऱ्यास ‘उद्योगसाहसिक’ म्हणतात!

मराठीत धीर मनाला द्यावयाचा. गुजरातीत ‘धीरवुं’ म्हणजे पैसे कर्जाऊ देणे.

‘जोखीम’ समजण्यास पश्चिम किनाऱ्यावरील जुना व्यापार पाहावा. गलबतावर माल चढविणारा व्यापारी ‘जोखमी हुंडी’ लिहून पैसे उचली. माल बंदरास पोहोचला तरच हुंडी वटे; गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडत. म्हणून तो आधीच काही रक्कम कापून घेई. धोका असा जोखून, म्हणजे तोलून, अंगावर घेतला जाई. न तोलता मारलेल्या उडीस आम्ही जोखीम म्हणणार नाही. तिला साहसाचा जुना अर्थच शोभतो.

‘धोका’ हा शब्द मात्र लहानांना आधी समजवावा. हिंदीत तो फसवणूक सुचवितो. तापीच्या काठी आजीने “पुढे धोका आहे” म्हटले, तर नातवाने तेथेच थांबावयाचे असते.