थंड इंजिनाचा धूर आणि विजेची काटकसर

पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असे तीन घातक घटक असतात. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अर्थात उत्प्रेरक परिवर्तक, त्यांचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत रूपांतर करतो. मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. अभिक्रिया तेथेच घडते. आपल्या देशात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हे साधन बंधनकारक झाले.

परंतु उत्प्रेरक थंड असताना जवळजवळ निष्क्रिय असतो. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान गाठल्यावरच तो काम करू लागतो. म्हणून गाडी सुरू झाल्यानंतरचे पहिले मिनिट सर्वांत मलिन असते, आणि तो धूर दाराशी उभ्या असलेल्या मुलांच्या श्वासात जातो. यावर उपाय म्हणजे उत्प्रेरकास विजेने तापवणे. मात्र ही वीजही अखेर बहुधा इंधनातूनच येते. तेव्हा प्रश्न असा, की कमीत कमी विजेत हे कार्य कसे साधावे?

उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातील सूत्रातच आहे. लागणारी उष्णता म्हणजे वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार. पोलादाची विशिष्ट उष्माधारकता दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे ०.५ किलोज्यूल. १ किलोग्रॅम पोलाद ३०० अंशांनी तापवण्यास १५० किलोज्यूल लागतील, १.५ किलोवॅट शक्तीने १०० सेकंद. तोच तापक १०० ग्रॅमचा असेल तर १५ किलोज्यूल आणि १० सेकंद पुरतील. वाहत्या वायूबरोबर निघून जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

यावरून पहिला मार्ग दिसतो : संपूर्ण ठोकळा न तापवता त्याच्या पुढील पातळ चकतीसच तापवावे. तेथे सुरू झालेले ज्वलन स्वतःच उष्णता देते आणि वाहता वायू ती मागील भागास पोहोचवतो. दुसरा मार्ग उष्मारोधक आवरणाचा. मिळालेली उष्णता त्यामुळे टिकते. तिसरा मार्ग वेळेचा : अभिक्रिया स्वबळावर चालू लागताच वीज खंडित करावी. हायब्रिड गाडीत इंजिन वारंवार थांबते व उत्प्रेरक निवतो, म्हणून तेथे हे नियंत्रण विशेष महत्त्वाचे. चौथा मार्ग विभवांतराचा. १.५ किलोवॅटसाठी १२ व्होल्टला १२५ अँपिअर धारा लागते; ४८ व्होल्टला चतुर्थांश पुरते. तारेतील ऱ्हास धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, तीच तार असता, तो सोळाव्या हिश्शावर येतो.

उत्प्रेरक इंजिनाच्या निकट बसवल्यासही तो लवकर तापतो. पण अतितापाने त्याची शक्ती क्षीण होते. फार थंड नको, फार तप्तही नको, हा यंत्राचा मध्यम मार्गच होय. दुःखाचे कारण शोधून ते दूर करावे, आणि उपायातून नवे दुःख निर्माण होऊ देऊ नये, ही दृष्टी धम्माने दिली आहे. अभियंत्यालाही तिचीच गरज असते.

स्वाध्याय : २०० ग्रॅमच्या पोलादी चकतीस ३०० अंशांनी तापवण्यास १.५ किलोवॅट शक्तीने किती सेकंद लागतील?