पिकाचे छायाचित्र आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातील प्रकाशाचे नियमन

परभणी जिल्ह्यात खरीप हंगामात कापूस व सोयाबीन ही दोन पिके मोठ्या क्षेत्रावर घेतली जातात. पिकावर रोग अथवा कीड दिसू लागली म्हणजे पूर्वी शेतकरी रोगट झाड उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून तालुक्याच्या कार्यालयात आणीत असे. आता तो बांधावर उभा राहून मोबाइलने छायाचित्र काढतो आणि घटकाभरात ते गावातील कृषि कर्मचाऱ्याकडे, कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठातील शास्त्रज्ञांकडे पाठवितो. ही सोय मोठीच आहे. तथापि ओल्या फडक्यातील झाड खोटे बोलत नसे. छायाचित्र मात्र खोटे बोलू शकते, आणि पुष्कळदा बोलते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावण महिन्यात जिंतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या शेंड्याकडील पानांचे छायाचित्र पाठविले. पान सर्वत्र पिवळट पांढरे दिसत होते, शिरा मुळीच दिसत नव्हत्या. मी तो पिवळा मोझॅक समजलो आणि रोगट झाडे उपटून पांढऱ्या माशीसाठी फवारणी करण्यास सांगितले. चौथ्या दिवशी शेतावर गेलो तेव्हा पाने पिवळी होती खरी, परंतु प्रत्येक शीर स्वच्छ हिरवी होती. जमीन चुनखडीची, त्यात आठवडाभर पाणी साचलेले. ती लोहाची कमतरता होती. तेथे फेरस सल्फेटच्या अर्धा टक्का द्रावणाची फवारणी हवी होती, कीटकनाशकाची नव्हे. औषधाचा व मजुरीचा खर्च वाया गेला होता. शेतकरी एवढेच म्हणाला, “साहेब, म्या तर हेच पान धाडलं होतं.” त्याचे म्हणणे खरे होते. त्याच्याच मोबाइलने त्याच पानाचे छायाचित्र मी दोनदा काढून पाहिले. कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले तेव्हा शिरा नाहीशा झाल्या. प्रकाश एक पायरी कमी करताच त्या जशाच्या तशा उमटल्या. छायाचित्र नीट नसताना निदान करण्याची घाई माझी होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

असे का होते हे समजून घेणे अवघड नाही. कॅमेऱ्यास काळे आणि पांढरे यांची ओळख नसते. पडद्यावर दिसणाऱ्या दृश्यातील उजेडाची तो सरासरी काढतो आणि ती सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या वस्तूइतकी दिसावी, असा प्रयत्न करतो. किती प्रकाश आत घ्यावा याच्या या मानास एक्स्पोजर म्हणतात. ज्या दृश्यात हिरवे, तपकिरी, थोडे काळे, थोडे पांढरे असे सर्व काही आहे, तेथे हा हिशेब बरोबर येतो. परंतु आपल्या जिल्ह्यात पायाखाली काळी जमीन आणि झाडावर पांढरा कापूस! कॅमेऱ्यास चकविणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच शेतात हजर असतात.

काळ्या ओल्या जमिनीवर सोयाबीनचे लहान रोप असेल तर पडद्याचा बहुतेक भाग काळा असतो. कॅमेरा त्यास करडे करू पाहतो, त्यासाठी जास्त प्रकाश घेतो आणि मधले पान फटफटीत होते. उलट, फुटलेल्या कापसाने पडदा भरला असेल तर तो पांढऱ्यास करडे करतो. कापूस मळकट दिसतो आणि सावलीतील पानांवरचे डाग काळोखात बुडतात. मानवत किंवा सेलूकडील शेतकरी वेचणीच्या वेळी छायाचित्र काढून “कापूस पिवळा पडला का?” असे विचारतात, तेव्हा पुष्कळदा कापूस उत्तम असतो आणि दोष या सरासरीचा असतो.

यावर पहिला उपाय अगदी सोपा असून तो साध्या मोबाइलमध्येही असतो. पडद्यावर जे पान महत्त्वाचे आहे त्यावर बोटाने हलकेच टेकावे. तेथे एक चौकट येते व तिच्या शेजारी सूर्याचे लहान चिन्ह दिसते. ते चिन्ह वर सरकविले की चित्र उजळते, खाली सरकविले की काळसर होते. बोट थोडा वेळ दाबून धरल्यास पुष्कळ मोबाइलमध्ये फोकस व प्रकाश दोन्ही तेथेच कायम राहतात. वाऱ्याने पान हलले तरी कॅमेरा पुन्हा आपला हिशेब मांडीत नाही. काही ठिकाणी या सरकपट्टीवर ‘ईव्ही’ असे लिहून उणे २ ते अधिक २ असे आकडे दिलेले असतात. त्यातील एक पायरी म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश. काळ्या जमिनीवरील रोपासाठी उणे १ पासून आणि कापसाने भरलेल्या दृश्यासाठी अधिक १ पासून आरंभ करावा व पाहून कमीअधिक करावे. मात्र भर उन्हात पडदाच नीट दिसत नाही आणि चित्र काळे आहे अशा समजुतीने माणूस प्रकाश वाढवीत जातो. म्हणून पडद्याची उजळी पूर्ण ठेवावी आणि डोक्यावरील उपरण्याची सावली पडद्यावर धरून मगच निर्णय करावा.

हाताने करावयाची मांडणी

पुष्कळ मोबाइलमध्ये कॅमेऱ्याच्या यादीत ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ असा भाग असतो. ज्यांत तो नाही, त्यांच्यासाठी ‘ओपन कॅमेरा’ हे अॅप विनामूल्य मिळते. मात्र काही स्वस्त मोबाइलमध्ये त्यातही शटरचा आकडा बदलता येत नाही, अशा वेळी वरील सूर्याच्या चिन्हावर भागवावे. या भागात शिरल्यावर अनेक आकडे दिसतात आणि शेतकरी बिचकतो. वस्तुतः कालव्याच्या पाण्याचा हिशेब ज्यास समजतो त्यास यात नवे काही नाही. दार किती रुंद आणि ते किती वेळ उघडे, यावर शेतात आलेले पाणी ठरते. मोबाइलमध्ये दाराची रुंदी, म्हणजे भिंगाचे छिद्र, बहुधा कायमचे ठरलेले असते. आपल्या हाती दार उघडे ठेवण्याचा वेळ राहतो. तोच शटरचा आकडा. १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. तिसरा आकडा आयएसओचा. तो प्रकाश वाढवीत नाही, आलेल्या खुणेचा जोर वाढवितो. गावच्या सभेत कर्ण्याचा आवाज वाढविला की वक्त्याबरोबर खरखरही वाढते, तसेच आयएसओ वाढविला की चित्रात रवा पडतो आणि फुलकिडीसारखी बारीक कीड त्या रव्यात हरवते. म्हणून आयएसओ जितका कमी ठेवता येईल तितका ठेवावा.

नेमके आकडे किती? छायाचित्रकारांचा एक जुना नियम असा की, निरभ्र आकाशातील उन्हात छिद्र एफ १६ असता शटरचा वेळ एक भागिले आयएसओ इतका ठेवावा. मोबाइलचे छिद्र एफ १.८ च्या आसपास, म्हणजे पुष्कळच मोठे असते. त्यातून सुमारे ऐंशीपट प्रकाश आत येतो. म्हणून आयएसओ १०० ला शटर सुमारे १/८००० आणि आयएसओ ५० ला सुमारे १/४००० लागते. ज्या मोबाइलचे शटर १/४००० च्या पुढे जात नाही, त्यात दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ठेवल्यास चित्र जळणारच. पावसाळी ढगाळ दिवशी आयएसओ १०० ला १/५०० ते १/१००० पुरते. दाट कपाशीच्या आत खालच्या पानांकडे गेल्यास आयएसओ ४०० पर्यंत चढावे, परंतु शटर १/२५० हून मंद करू नये; कारण वारा लागताच पान हलते आणि हलणाऱ्या पानावरचा डाग रोगाचा की चित्राचा हे सांगता येत नाही. हातात धरलेला मोबाइल १/६० हून मंद शटरला स्थिर राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वात उत्तम उजेड सकाळी ८ ते १० या वेळी मिळतो. दुपारीच काढावयाचे झाल्यास दुसऱ्या माणसाने पांढरे धोतर अथवा उपरणे ऊन व पान यांच्यामध्ये ताणून धरावे. फ्लॅश टाळावा, जवळून मारलेला फ्लॅश पानाच्या चकाकीवर आदळतो आणि तेथे पांढरा ठिपका पडतो.

आता रंगाविषयी. पिवळेपणावरून रोग ओळखावयाचा असताना रंगच बदलला तर काय उपयोग? पडदा भरून हिरवा रंग असला म्हणजे स्वयंचलित व्यवस्था तो रंग उजेडाचाच समजते व त्यास मागे खेचते. म्हणून ‘डब्ल्यूबी’ असे लिहिलेला भाग उघडून उन्हात ५२०० ते ५५००, ढगाळ हवेत ६००० ते ६५०० आणि सावलीत ७००० च्या पुढचा आकडा ठेवावा. घरी पिवळ्या दिव्याखाली पानाचे छायाचित्र काढूच नये. ज्यास हे आकडे जमत नाहीत, त्याने पानाशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा लहानसा तुकडा ठेवावा. पाहणारा त्या कागदावरून रंगाची चूक ओळखतो. आणखी एक गोष्ट: नव्या मोबाइलमध्ये दृश्य आपोआप ‘सुधारण्याची’ सोय असते. ती झाडोरा ओळखते आणि तो अधिक हिरवा करून दाखविते. लग्नाच्या छायाचित्रास ती शोभत असेल, पण रोगट पानाचे छायाचित्र काढताना ती बंद करावी.

बोंडअळीचे छायाचित्र

सन २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे जे नुकसान केले ते मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. ही अळी बाहेरून दिसत नाही, हीच तिची मोठी खोड. प्रारंभी डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीप्रमाणे मिटून राहिलेले फूल, दिसते. पुढे हिरवे बोंड फोडून पाहिल्याशिवाय अळी सापडत नाही. लहान अळी पांढरट असते, गुलाबी रंग मागाहून चढतो. पांढऱ्या सरकीवर व रुईवर पांढरट अळी, आणि हातात धरलेल्या बोंडाच्या मागे काळी जमीन. येथे कॅमेरा जमिनीचा हिशेब धरतो आणि रुई इतकी जाळून टाकतो की अळी तिच्यात मिसळून जाते. वर सांगितलेला कापसाचा अधिक १ हा नियम येथे उलटा पडतो, कारण पडद्याचा मोठा भाग कापसाचा नसून मातीचा आहे. बोट रुईवर टेकावे, प्रकाश उणे १ ते उणे दीड करावा आणि रुईचे तंतू वेगळे दिसू लागले म्हणजे थांबावे. तंतू दिसले की अळीही दिसते. कळी असो वा बोंड, शेजारी रुपयाचे नाणे किंवा काडेपेटीतील काडी ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो.

फार जवळ जाण्याचा मोह आवरावा. मोबाइलचे मुख्य भिंग साधारणतः ८ ते १० सेंटिमीटरच्या आत स्पष्ट पाहू शकत नाही. थोडे मागे सरून काढावे व नंतर चित्र मोठे करून पाहावे. प्रो भागात फोकसची पट्टी असते. तिच्या एका टोकास फुलाचे व दुसऱ्या टोकास डोंगराचे चिन्ह असते. फुलाकडे सरकवून, मोबाइलच पुढेमागे करीत कडा स्पष्ट झाल्या की बटन दाबावे. तुडतुडे, फुलकिडे, लाल कोळी यांच्यासाठी दहापट दाखविणारे खिशातील भिंग मोबाइलच्या भिंगास टेकवून धरल्यास आश्चर्य वाटेल इतके चांगले चित्र मिळते. आधी मोबाइलचे भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. फवारणीचे थेंब व धूळ यांमुळे जे धुके दिसते त्यास कोणताही आकडा उपाय नाही.

मात्र छायाचित्रात एक अळी सापडली म्हणून फवारणी करू नये. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, किंवा तपासलेल्या फुलांत व बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव, ही पातळी मोजूनच ठरवावी लागते. मोजणीचे काम कॅमेरा करीत नाही.

सन २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली भागात अतिवृष्टी होऊन पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी काढलेली अनेक छायाचित्रे निरुपयोगी ठरतात, कारण वरचे अर्धे चित्र पांढऱ्या आभाळाने व्यापलेले आणि खालचे शेत काळेकुट्ट असते. आभाळ चित्रात कमीत कमी घ्यावे, बोट बुडालेल्या पिकावर टेकावे, आणि बांधावरील एखादे झाड, विहीर किंवा विजेचा खांब अशी ओळखीची खूण त्यात येऊ द्यावी. मोबाइलमधील स्थाननोंद चालू ठेवावी. पंचनामा होईपर्यंत पाणी ओसरून गेलेले असते. छायाचित्र पंचनाम्याची जागा घेत नाही, तरी पंचनामा करणाऱ्यास ते दाखविता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत छायाचित्र अॅपमधूनच काढावे लागत असल्याने हे सर्व आकडे तेथे हाती नसतात. तेथे सूर्य पाठीशी घेऊन उभे राहणे व स्वतःची सावली पिकावर पडू न देणे, एवढेच आपल्या हाती राहते.

पाठविताना एका झाडाची तीन छायाचित्रे असावीत: शेताचा पट्टा, पूर्ण झाड आणि रोगट भाग. व्हॉट्सॲपवर ती नेहमीच्या रीतीने धाडल्यास आकार लहान होऊन बारकावे जातात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ या मार्गाने मूळ आकारात धाडावीत. सोबत पेरणीची तारीख, वाण, जमिनीचा प्रकार, शेवटचा पाऊस किंवा पाणी कधी, आणि आधी काय फवारले हे दोन ओळींत लिहावे. छायाचित्र पाहूनही शंका राहिली तर आमच्याकडून झाडच मागविले जाईल. ते मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावे.