पुरुमेंत आणि तीन दिवसांचा शिधा

मे महिना आला की गोव्यात 'पुरुमेंत' भरण्याची लगबग सुरू होते. साठवण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव रूढ झाले. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात आजही सुकी मासळी, सोले, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा यांची खरेदी होते. पावसाने वाटा बंद झाल्या तरी चूल पेटती राहावी, हा या साठवणीमागील हेतू. पाणी विहिरीचे व दिवा तेलाचा असल्यामुळे त्यांची वेगळी तजवीज करण्याचे कारण नव्हते.

आज पाणी नळाने आणि उजेड तारेने घरात येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे जलवाहिनी फुटली, तेव्हा तिसवाडी व फोंडा तालुक्यांतील नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे कोसळून ठिकठिकाणी वीज गेली. अशा प्रसंगी चार महिन्यांच्या तांदळापेक्षा पहिल्या तीन दिवसांची सोय अधिक मोलाची ठरते.

पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज किमान चार लिटर पाणी धरले, तर पाच जणांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी साठ लिटर लागेल. ते झाकणाच्या व तोटीच्या भांड्यात ठेवावे. तांब्या बुडवून घेतलेले पाणी लवकर दूषित होते. आठवड्याने ते झाडांना घालून भांडे घासून पुन्हा भरावे.

पुष्कळ घरांत वस्तू असतात, पण त्या वेळेवर हाती लागत नाहीत. विजेरी कपाटात, काडेपेटी स्वयंपाकघरात आणि आजीची औषधे ट्रंकेत, अशी विखुरलेली तयारी अंधारात निरुपयोगी होय. सर्व वस्तूंची एकच पिशवी करावी व ती खांद्याच्या उंचीच्या फळीवर ठेवावी. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईचे पाणी सत्तरीतील वस्त्यांत शिरले. जमिनीलगतच्या पेटीचा अशा वेळी काय उपयोग? शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, एक-चौदाचा उतारा हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत. विजेरीचे सेल बाहेर काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून विजेरीच निकामी होते. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे आठवडाभर पुरतील इतकी असावीत. वीज गेल्यास इन्सुलिनची कुपी कोरड्या डब्यात घालून, तो डबा पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येतो. बर्फाचा स्पर्श मात्र तिला होऊ देऊ नये.

न शिजवता खाता येतील असे पोहे, चणे, गूळ, चिक्की हे पदार्थ पुरेसे आहेत. यांतील चिक्की वर्षभर टिकेल असे कोणत्याही गृहिणीने समजू नये. मुले ती आधीच शोधून काढतात. म्हणून महिन्यातून एकदा पिशवी उघडून जुने वापरावे व नवे भरावे. शेजाऱ्यांचे व ११२ हे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून तिच्यातच ठेवावेत, कारण मोबाईलची बॅटरी उतरल्यावर त्यातील क्रमांकही हाती लागत नाहीत.